बत्तीस कुठून आले?

भट्टीचं दार उघडायच्या आधीच ती भट्टी सांभाळणाऱ्या पुटपुटला ठाऊक होतं. आदल्या दिवशी दुपारी बंद दाराआडून एक आवाज आला होता. अगदी बारीक, कुणी नखाने कपाला टिचकी मारावी तसा. माळेचा मणी तेवढा बोटांत जागच्या जागी थांबला होता.

दादाने दार ओढलं. आत काचेचा ठोकळा होता, फिकट हिरवा, उशीएवढा लांबरुंद आणि मुठीएवढा जाड. या कोपऱ्यातून थेट त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता. उजेडात तो असा चमकला, जणू कुणी हौसेने कोरून काढलाय.

"दुसरा," दादा म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "झालं समाधान?"

मागे ग्रंथपालबाई उभ्या होत्या. त्यांचं वाचनालय तळघरात होतं, रस्त्याच्या खाली. वरच्या पदपथात एक चौकोनी भोक पाडून ठेवलं होतं. त्यात हा ठोकळा बसला की दिवसाचा उजेड खाली टेबलांवर उतरणार होता. सध्या त्या भोकावर पत्रा होता आणि माणसं भरदुपारी दिवे लावून वाचत होती.

"हे जोडून वगैरे नाही का होत?" बाईंनी विचारलं.

"वरून माणसं चालणार, बाई. जोडलेल्या काचेवरून तुम्ही चालाल?" दादाने सुस्कारा सोडला. "काच ओतणं सोपं असतं हो. ती निववणं कठीण. वरचं अंग आधी गार झालं आणि पोट गरमच राहिलं, की दोघांची ओढाताण लागते. मग हे असं. भट्टीच्या उष्णतेचा काटा सावकाश खाली आणायचा असतो. त्याला लक्ष लागतं. आणि आमच्याकडे लक्ष कुठे असतं?" त्याने बहिणीच्या हाताकडे बोट केलं. "मण्यांवर!"

सगळा कारखाना तिला पुटपुट म्हणायचा. कारखाना म्हणजे तरी काय, भट्टीची खोली, पॉलिशची खोली, पॅकिंगची पडवी आणि अंगणापलीकडे घर. लहानपणापासून तिचा आवाज ओठांबाहेर जेमतेम पडायचा. त्यात तिचा रोजचा नेम. पहाटे उठल्यावर माळ पूर्ण होईपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही, आणि भट्टीसमोर बसलं की देवाचं नाव चालू. बाबा असताना म्हणायचे, भट्टीला अशीच माणसं लागतात, उगाच हात न लावणारी. गॅसचा कॉक केसभर फिरवायचा, माळ ओढायची, मग काटा बघायचा. ज्याला धीर नाही तो सारखा कॉकशी खेळत बसतो आणि काचेची वाट लावतो. बाबांच्या मागे भट्टी तिच्याकडे आली आणि गिऱ्हाइकं, फोन, कागदपत्रं दादाकडे.

"देवाचं नाव घ्यायला माझी ना नाही," दादा म्हणाला. "पण आज तिसरा ठोकळा ओतायचा, उद्या निववायचा. काच तेवढीच उरलीय. तोही तडकला तर भट्टीवर बाहेरचा माणूस बसेल आणि तू बसशील पॅकिंगला. तिथे पुटपुट हवं तेवढं. पेंढ्याला तडा जात नाही. आणि उद्या ती माळ घरी ठेवून यायची."

पॉलिशवाले काका खांद्यावरचं फडकं सारखं करत दुसरीकडे बघू लागले. पुटपुटची कानशिलं भट्टीच्या दारासारखी तापली. घरात बोलला असता तर तिने सोडून दिलं असतं. पण परक्या बाईंसमोर, आणि देवाला मध्ये ओढून!

"मी तुझ्या आकड्यांप्रमाणेच उतरवला, दादा," ती म्हणाली. "दोन्ही वेळा. तंतोतंत."

"काय म्हणालीस? ऐकू येत नाही."

तिने तेच पुन्हा सांगितलं. पुन्हा तेवढ्याच आवाजात.

"मग झालं तर. माझे आकडे तक्त्यातले आहेत. आणि तक्ता चुकत नसतो," दादा म्हणाला आणि बाईंना घेऊन बाहेर गेला.

तो तक्ता म्हणजे दादाचं लाडकं अपत्य. भट्टी जुनी, बाबांनी एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेली. तिचा काटा फॅरनहाइटमध्ये. बाबांची काच, बाबांचे अंदाज, सगळं त्याच मापात. या कामासाठी मात्र नवी काच मागवली, आणि तिच्याबरोबर आलेल्या कागदावर सगळे आकडे सेल्सिअसमध्ये. मग दादाने मांडी ठोकून तक्ता बनवला. डावीकडे सेल्सिअस, उजवीकडे फॅरनहाइट. नवाने गुणा, पाचाने भागा, बत्तीस मिळवा. लाल शाईची चौकट. एक प्रत भट्टीशेजारी लागली. एक पॉलिशच्या खोलीत, जिथे तिचा काडीचा उपयोग नव्हता. एक घरी फ्रिजवर, एक न्हाणीघराच्या दारावर. "आता माझ्या पाठीवर तेवढा चिकटवायचा राहिलाय," वहिनी म्हणायची.

काचेचा कागद सांगत होता, पाचशे दहा अंशांवर काच भरपूर वेळ स्थिर ठेवा. मग दर तासाला दहा अंश, अशी तीनशे सत्तरपर्यंत खाली आणा. दादाने तक्ता बघून फळ्यावर खडूने लिहिलं होतं: नऊशे पन्नासपासून, दर तासाला पन्नास, सहाशे अठ्ठ्याण्णवपर्यंत. पुटपुटला ते पन्नास खटकले होते. बाबा जाड काचेला दिवसभर जोजवायचे, आणि इथे तर जेवायच्या वेळेला काम आटोपत होतं. तिने विचारलंही होतं. "नवी काच आहे ती," दादा म्हणाला होता, "जुन्यासारखी रडत बसत नाही." आणि दहासमोर तक्त्यात खरंच पन्नास होते. तिने स्वतः करून पाहिलं होतं. दहा नव्वे नव्वद, भागिले पाच अठरा, अधिक बत्तीस, पन्नास. बोट ठेवायला जागा नव्हती.

त्या दिवशी तिसरा ठोकळा ओतला गेला आणि रात्रभरासाठी भट्टी नऊशे पन्नासवर बांधून ठेवली. तिला एका जागी उभं राहायला पहारा लागत नसे. पहारा लागायचा तो खाली उतरताना.

सकाळी पुटपुट नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी माळ घेऊन बसली होती. लागूनच्या खोलीत आई तापाने पडली होती. अंग पडलं होतं, तोंड नव्हतं. वहिनीने तिच्या काखेतून नवं थर्मामीटर काढलं.

"अडतीस," वहिनी म्हणाली.

"अडतीसवर माणूस असतं का कधी?" आई म्हणाली. "माझं चांगलं जुनं थर्मामीटर फोडलंत आणि हे कुठलं आणलंत? काल किती होता?"

"एकोणचाळीस. म्हणजे एका अंशाने उतरला."

"आपल्या मापात सांग बाई. ते तुमचं मला नाही कळत."

"थांबा, तुमच्या लेकाचा तक्ता आहे ना." वहिनी फ्रिजपाशी आली. "एकोणचाळीस म्हणजे... एकशे दोन."

"हां. आता कसं! आणि उतरला किती?"

"एक. एक म्हणजे..." वहिनीचं बोट तक्त्यावर वर वर सरकत पार पहिल्या ओळींपर्यंत गेलं. "एकासमोर आहेत तेहेतीस. वर थोडं काहीतरी. तेहेतीसने उतरला."

मग आईचा आवाज आला, "एकशे दोनातून तेहेतीस गेले, राहिले एकोणसत्तर. अगं, मग मी पहाटेच गेले की! आणि तू मला चहा काय विचारतेस? माणसं बोलाव!"

वहिनी हसता हसता फ्रिजला टेकली. लोहचुंबक निसटून तक्ता एका बाजूने लोंबकळू लागला.

पुटपुटचे ओठ थांबले.

अडतीससमोर काय होतं तक्त्यात? शंभर आणि वर थोडं. एकशे दोनवरून शंभर. म्हणजे आईचा ताप उतरला पुरते दोन अंशही नाही. तेहेतीस कुठले? तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. पारा एक अंशावर उभा असेल तेव्हा तेहेतीसच. पण एका अंशाने खाली आला म्हणजे तेहेतीस नव्हे. आणि दहा अंशांनी खाली आणायची काच म्हणजे पन्नास नव्हे. अठरा. नुसते अठरा. वरचे बत्तीस कुठून आले?

काच जवळजवळ तिप्पट वेगाने खाली ओढली होती तिने. दोनदा. अगदी इमानाने.

तोंडाशी आलेलं सगळं तिने गिळलं. माळ अर्धी बाकी होती आणि नेम म्हणजे नेम. एकही मणी गाळला नाही तिने. पण देवाचं नाव इतक्या घाईने तिने आजवर कधी घेतलं नव्हतं, आणि त्याबद्दल मनातल्या मनात त्याची माफीही मागून झाली. शेवटचा मणी सरताच ती उठली. माळ घरी ठेवली नाही. मुठीला गुंडाळून, सगळ्यांना दिसेल अशी घेऊन निघाली.

दादा फळ्यासमोर उभा होता.

"बत्तीस मिळवायचे नाहीत," ती म्हणाली.

"कशात?"

"दर तासाच्या उतारात. अठराच हवेत. पन्नास नाही."

"पुन्हा तक्ता?" दादाच्या कपाळावर आठी आली. "दहा वेळा तपासलाय मी."

"तक्ता बरोबरच आहे. आपण तो नको तिथे लावला."

"म्हणजे आता चूक माझी. वा!" त्याची नजर तिच्या मुठीवर गेली. "आणि ही आणलीसच. हे बघ, अठराने उतरवायला लागलीस तर दिवस मावळेल. मला वाद घालायचा नाहीये. मी बाईंना फोन करून येतो. आलो की काटा खाली सरकलेला दिसला पाहिजे, पन्नासच्या हिशोबाने."

तो बाहेर पडला. पुटपुटने खोलीचं दार लावलं आणि आतली कडी घातली. त्या कडीचा गंज बोटांना लागला. बाबांच्या वेळेपासून ती कुणी घातलीच नव्हती. मग तिने फळ्यावरचे पन्नास पुसले, तिथे अठरा लिहिले, कॉक केसभर फिरवला आणि स्टुलावर बसून माळ सुरू केली.

थोड्याच वेळात दार धडधडलं.

"कडी कुणी लावली?"

"मी."

"उघड."

"नाही."

पुटपुटच्या तोंडून आलेला हा 'नाही' दादाने बहुतेक पहिल्यांदाच ऐकला असावा.

"गॅसचा मुख्य कॉक बाहेर आहे, लक्षात आहे ना?" तो म्हणाला. "बंद केला तर काय करशील?"

"काही नाही करणार. भट्टी झपकन गार होईल आणि काच तडकेल. या वेळी तुझ्या हाताने. मग बाईंना सांग, कुणाच्या मण्यांनी तडकली ते."

दादाचा हात कॉकवर गेल्याचं तिला भिंतीतल्या नळीच्या कुरकुरीवरून कळलं. काटा नऊशे पंचेचाळीसवर होता. तिने डोळे मिटले नाहीत, काट्याकडेच बघत राहिली. नळी पुन्हा कुरकुरली नाही.

"अगं, समजावून तरी सांग," दादा म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "बत्तीस का नाही? प्रत्येक आकड्यात मिळवतोच ना आपण?"

पुटपुट दाराजवळ आली. तिला मोठ्याने बोलायची सवय नव्हती, म्हणून तिने तोंड फटीला लावलं.

"तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बरोबर?"

"त्याचं काय इथे?"

"कुणी तुझं वय विचारलं, तर मी माझ्या वयात आठ मिळवून सांगते. आज, उद्या, कधीही. पण माझं एक वर्ष सरलं, तेव्हा तुझी नऊ सरली का? तशी सरली असती तर आज तू आईपेक्षा म्हातारा असतास, दादा. कुठे उभे आहोत ते सांगताना आठ मिळवायचे. किती चाललो ते सांगताना नाही."

बाहेर पॉलिशवाले काका खुदकन हसले आणि लगेच खोकले.

"तुमचं काय इथे काम?" दादा त्यांच्यावर घसरला.

"काही नाही. माझं वय मोजत होतो."

"आणि ऐक," पुटपुट म्हणाली. आता थांबणं तिला जमत नव्हतं. "तडकला तर मी पॅकिंगला जाईन. कुणी पाठवायला नको, माझी मी जाईन. पण नाही तडकला, तर काल जे तू बाईंसमोर बोललास, ते बाईंसमोरच परत घ्यायचं."

पावलं अंगणाकडे गेली.

दुपारी वहिनी खिडकीशी आली. गजांमधून ताट आत जाईना, म्हणून तिने एकेक वाटी सरकवली.

"वन्सं, खाऊन घ्या. आणि सासूबाईंचा निरोप आहे, मी एकोणसत्तरवर अजून जिवंत आहे म्हणून सांग. तुमच्या दादांना पण तोच निरोप दिला त्यांनी, अगदी कॉटपाशी बोलावून."

"मग?"

"मग काय! बिचारे तक्ता काढून आईच्या उशाशी बसलेत. तीनदा ताप मोजला सासूबाईंचा. त्या म्हणाल्या, अरे, मी भट्टी नाही, मेल्या!" वहिनी गजाला धरून हसली, मग हळूच म्हणाली, "उघडू नका हं कडी. मी उघडली नसती."

पुटपुटला भीती वाटत नव्हती असं नाही. अठरा बरोबर होते, पण काच काचच असते. ओततानाचा एखादा दोष पोटात राहिला असेल तर बरोबर हिशोबही तिला वाचवत नाही. आणि तडकली तर दादा म्हणणार, बघ, पाहिलंस? जगाला तडा तेवढा दिसतो. ती माळ ओढत राहिली. देवाकडे तिने ठोकळा मागितला नाही. ते तिला बरं वाटलं नसतं. हात स्थिर राहू दे, एवढंच मागितलं.

ऊन भट्टीच्या खोलीतून कलून गेल्यावर बाहेर खोकं ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी दाराला पाठ लावून बसलं.

"काटा आठशे सहावर असेल ना आता?" दादाने विचारलं.

पुटपुटने फळ्याकडे पाहिलं. पन्नासच्या हिशोबाने तर आत्तापर्यंत सगळं उतरून झालं असतं. आठशे सहा फक्त अठराने येत होते.

"आठशे सात," ती म्हणाली.

"एक जास्त आहे."

"येईल."

ती कडी उघडेल असं त्याला वाटलं असावं. तिने उघडली नाही. तो उठून गेलाही नाही. मधूनमधून आकडा विचारत राहिला, ती सांगत राहिली. काटा सहाशे अठ्ठ्याण्णवला टेकला तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. तिने गॅस बंद केला, पाय झटकले आणि मगच कडी काढली. दादा खोक्यावर बसला होता, गुडघ्यावर तक्ता होता.

भट्टी आपली आपण गार व्हायला दुसरा दिवस गेला. त्या दिवसात आतून टिचकी ऐकू येते का म्हणून घरातलं प्रत्येक माणूस काही ना काही निमित्त काढून भट्टीपाशी कान लावून आलं. आई सुद्धा, शाल गुंडाळून.

दार उघडायला पुटपुटने स्वतः ग्रंथपालबाईंना बोलावलं. या वेळी भट्टीच्या दाराची मूठ तिच्या हातात होती. दार ओढलं. ठोकळा होता तसा बसला होता, शांत, हिरवट. एका कोपऱ्यात माशाच्या डोळ्याएवढा एक बुडबुडा अडकला होता. बाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत नितळ. बाईंनी वाकून त्यातून पलीकडे पाहिलं, तर पॉलिशवाले काका त्यांना लांबुडके होऊन दिसले.

"चला," दादा तळहात चोळत म्हणाला, "शेवटी जमलं आपल्याला. नवी काच म्हणजे जरा..."

"दादा," पुटपुट म्हणाली.

तो थांबला. भट्टीकडे बघितलं, छताकडे बघितलं. आई दारातच खुर्ची टाकून बसली होती, तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं.

"म्हणजे, बाई, ते मागचे दोन," तो गळ्यातल्या गळ्यात म्हणाला, "त्यात जरा... आमच्याकडून..."

"मोठ्याने, दादा. पुटपुटू नकोस."

वहिनीने पदर तोंडाशी नेला. दादाचे कान लाल झाले. मग त्याने खरंच खांदे सरळ केले आणि बाईंकडे तोंड केलं.

"मागचे दोन ठोकळे माझ्यामुळे तडकले. मी जिथे नको तिथे बत्तीस मिळवले. हिने मी सांगितलं तेच केलं होतं. आणि हिच्या माळेचा त्यात काही संबंध नव्हता. ते मी उगाच बोललो."

"बत्तीसचं मला काही कळलं नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या, "पण बाकीचं कळलं." आणि त्यांनी बोटाच्या पेराने ठोकळ्यावर टकटक केली, जणू कुणाच्या दारावर.

तक्ता अजून भट्टीशेजारी आहे. त्याच्या खाली लाल शाईत एक ओळ वाढली आहे, दादाच्याच अक्षरात: फरक मोजताना बत्तीस मिळवू नयेत. घरातला तक्ता मात्र आईने आपल्या उशाशी लावून घेतला. येणाऱ्याजाणाऱ्याला ती त्यावरून आपल्या मरणाची गोष्ट सांगते.

पुटपुट स्टुलावर बसून माळ ओढते. फक्त आता तिचं नामस्मरण पॉलिशच्या खोलीपर्यंत ऐकू जातं, आणि भिंतीपलीकडे दादाच्या टेबलापर्यंतही.

"अगं, जरा हळू!" तो परवा तिकडून ओरडला. "फोनवर बोलतोय मी."

तिने कॉक केसभर फिरवला, काटा पाहिला.

"काय म्हणालास?" ती म्हणाली. "ऐकू येत नाही."